हत्तिणीला हात लावायचा नाही

दाजीनं ट्रॅक्टरवाल्याच्या थोबाडीत लगावली तेव्हा ट्रॅक्टरवाल्याच्या हातात साखळदंड होता. त्यानं तो फिरवला असता तर दाजीचं डोकं मडक्यासारखं फुटलं असतं. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की माझ्या बहिणीचा नवरा फक्त बायकोवर हात उचलायचा. छे! तो कुणावरही उचलायचा. समोरच्याच्या हातात काय आहे ते बघायचीही त्याला सवय नव्हती.

ट्रॅक्टरवाल्याचा गुन्हा एवढाच, की तो म्हणाला, "ओढत कशाला न्यायची? चावी मार, आपल्या पायानं येईल घरी."

हत्तीण नुकतीच पाण्यातून वर आली होती. हत्तीण म्हणजे दाजीची जीप. उंच चाकांची, चारही चाकं ओढणारी, रस्ता नसेल तिथंच जास्त खूश असणारी. नदीपलीकडं दगडाची खाण होती आणि नदीवर पूल नव्हता. सकाळी खाणीतली माणसं पात्रातल्या धोंड्यांवरून, कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडं न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची, हे दाजीचं काम. अख्खं घर त्या चार चाकांवर चाललेलं. बोनेटच्या बाजूनं टपापर्यंत एक जाड पाइप वर गेला होता. गाडी पाण्यात असली तरी इंजिनानं श्वास वरून घ्यावा म्हणून. लोक त्याला सोंड म्हणायचे आणि त्यावरून गाडीचं नाव हत्तीण पडलं. ती सोंड मी बनवली होती. माझ्या गॅरेजात, माझ्या हातानं, तीन जोड देऊन. कंपनीच्या माणसालाही जमणार नाही असं वेल्डिंग केलं होतं मी, आणि हे सगळ्यांना ऐकवायचोही.

त्या दिवशी दाजीनं गाडी काठावर रोजच्या जागी लावली होती. माणसं पलीकडं सोडून झाली होती, तो डबा उघडून बसला होता. वरच्या अंगाला कुठं काय कोसळलं देव जाणे. इकडं ऊन होतं आणि नदी आली. डबा संपायच्या आत पाणी स्टिअरिंगला टेकलं. दाजी उडी मारायला निघाला, तिघांनी त्याला जमिनीवर पाडून वर बसून धरलं. एकाच्या दंडाला तो चावला. पाणी ओसरायला दुपार गेली.

आमच्याकडं नदीतून निघालेली गाडी आधी सुरू करून बघायची रीत आहे. बुडालेला माणूस बाहेर काढला की नाकाशी हात धरून बघतात ना, तसं. काठावर वीस-पंचवीस माणसं जमलेली, सगळी वाट बघत होती. इंजिन बोललं की टाळ्या पडणार. मीही स्क्रूड्रायव्हर घेऊन तयार होतो. मी इंजिनाला स्क्रूड्रायव्हर लावून त्याची मूठ कानाशी धरतो आणि आतलं दुखणं सांगतो, म्हणून मला सगळे डॉक्टर म्हणतात.

पण दाजीनं ट्रॅक्टरवाल्याला एक ठेवून दिली आणि ओरडला, "कुणी हात लावायचा नाही! हत्तिणीला हात लावायचा नाही! विमावाल्यांनी सांगितलंय. चावी फिरवली तर इंजिनाचं काही मिळणार नाही."

माणसं हसली. विमा! ज्या माणसानं आयुष्यात हेल्मेट घातलं नाही तो विम्याचं बोलतोय. पण ते काम माझ्या ताईचं होतं. दर वर्षी विमा उतरवायची वेळ आली की घरात आदळआपट व्हायची. या वर्षी तिनं स्वतः जाऊन तो उतरवला. नुसता उतरवला नाही, पुराच्या पाण्याचं नुकसान त्यात आहे का ते विचारून घेतलं आणि सोंडसुद्धा कागदावर लिहून आणली. बाहेरून बसवलेली वस्तू कागदावर नसली की नंतर भांडायला कारण मिळतं, असं तिनं कुठं तरी वाचलं होतं. त्याबद्दल दाजीनं तेव्हा तिला मारलं होतं. आता फोन लावून कानाशी तोच धरून उभा होता आणि पलीकडच्या बाईला "होय मॅडम, होय मॅडम" करत होता.

ट्रॅक्टरवाला गाल चोळत म्हणाला, "ओढतो बाबा. पण पुन्हा हात लावलास तर साखळी तुझ्या गळ्यात घालीन."

आम्ही हत्तीण ओढत घरी आणली.

घर नदीपासून वरच्या बाजूला, एकटंच. पुढं मोकळं अंगण, मागं पाण्याची टाकी आणि कपडे धुवायचा दगड. हत्तीण अंगणात उभी केली. तिच्या दारांतून रात्रभर पाणी ठिबकत होतं. सीटांमध्ये गाळ, पंख्यात गवत, दिव्यांच्या काचांत अर्धं अर्धं पाणी. दाजीनं वर ताडपत्री टाकली, कोपरे दगडांनी दाबले आणि चावी ताईकडं दिली.

"ही हलली तर तुझी हाडं हलवीन," तो म्हणाला.

ताईनं चावी आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यात घातली आणि जुडगा कमरेला लावला. "कागदावर सही माझी आहे," ती म्हणाली. "मला सांगायची गरज नाही."

दाजीची आई दारात बसली होती. तिला ऐकायला कमी यायचं, पण मार कुठं पडणार हे तिला बरोबर कळायचं. ती उठून आत गेली.

नुकसान बघणारा विम्याचा सर्व्हेअर येतो म्हणाला, तो आला नाही. नदीनं बऱ्याच लोकांना धुतलं होतं, त्याची फेरी लांबली. दोन दिवस झाले. तीन झाले. मी रोज जाऊन ताडपत्री उचलून बघायचो. इंजिनात पाणी असेल तर ते बसून लोखंड खातं. आज काढलं तर इंजिन वाचतं, आठ दिवसांनी भंगार. हे मी दाजीला सांगितलं.

"नोझल काढतो, पाणी बाहेर टाकतो, तेल घालतो. तासाभराचं काम."

"त्या बाईनं काय सांगितलं? जसं आहे तसं."

"त्या बाईला इंजिनातलं काय कळतं?"

"आणि तुझ्या सोंडेतून पाणी आत गेलंच कसं म्हणतो मी?" दाजी म्हणाला. "तू तर म्हणत होतास, मुंगी जायची नाही."

हे लागलं मला. अगदी आत लागलं. पाणी सोंडेच्या तोंडापर्यंत गेलंच नव्हतं. टपावर सोंड कोरडी होती, मी स्वतः पाहिली होती. माझे जोड चांगले असतील तर इंजिन आतून कोरडं ठणठणीत असायला हवं होतं. चहाच्या टपरीवर ट्रॅक्टरवाला सगळ्यांना सांगत होता, "डॉक्टरनं हत्तिणीच्या सोंडेला भोक ठेवलं." लोक मला बघितलं की शिट्टी वाजवायचे, हवा गळते तशी. मी एकाची कॉलर धरली, त्यानं माझी धरली, दोघांची बटणं गेली. त्यानं काय होणार? शिट्ट्या वाढल्या.

पाचव्या दिवशी दुपारी दाजी विमावाल्यांच्या ऑफिसात गेला, सर्व्हेअरच्या नावानं बोंबलायला. म्हातारी आत झोपली होती. ताई मागं दगडावर दाजीचे चिखलाचे कपडे धोपटत होती. धप्, धप्, धप्. मी अंगणात आलो, ताडपत्री उचलली आणि बोनेट उघडलं. नुसतं ऐकायचं, एवढंच ठरवलं होतं. स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवला, मूठ कानाशी, दुसऱ्या हातानं ठोकून बघितलं. आवाज भरीव येत होता की पोकळ? मला पोकळ वाटला. मला तो पोकळच हवा होता.

चावीची मला गरज नव्हती. कुठल्याही मिस्त्रीला नसते. सेल्फच्या, म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणाऱ्या मोटरच्या, दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर आडवा टेकवला की इंजिन फिरतं. अर्धा फेरा, मी स्वतःला म्हणालो. अर्धा फेरा फिरलं म्हणजे कोरडं आहे. मग संध्याकाळी टपरीवर जाऊन एकेकाच्या तोंडात ती शिट्टी परत घालतो.

ठिणगी उडाली. बॅटरीत एवढा जीव असेल असं मला वाटलं नव्हतं. इंजिन फिरलं, एक सिलिंडर पेटला, दुसरा पेटला, हत्तीण एकदा जोरात खोकली. मागून काळा धूर आला आणि टण्ण! आत लोखंडावर लोखंड अडकलं, अख्खी गाडी हादरली, माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर उडून अंगणात पडला. मग काहीच नाही.

मागं धोपटण्याचा आवाज थांबला होता.

मी तसाच उभा राहिलो. मनगट भाजलं होतं, पण ते नंतर कळलं. कान सगळा घरामागं. किती वेळ गेला काय माहीत. मग पुन्हा सुरू झालं. धप्. धप्. मी बोनेट खाली घेतलं, ताडपत्री ओढली, चारही दगड होते तिथंच ठेवले. तिनं ऐकलं नसेल, मी म्हणालो. पाणी पडत होतं ना टाकीचं. आणि ऐकलं असतं तर धावत आली नसती का? मी मागं न जाता गॅरेजात गेलो.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी दूधपिता नव्हतो, पण फार मोठाही नव्हतो. ताईनं शाळा सोडली आणि मला वाढवलं. पहिला पाना तिनं आणून दिला मला. ती हिशेबाची पक्की, अक्षर छापल्यासारखं. खाणीवरचा मुकादम तिच्या हातच्या फेऱ्यांच्या नोंदी बघून म्हणायचा, नवऱ्यापेक्षा हिलाच कामावर घ्यायला हवं होतं. दाजीला हे आवडायचं नाही. त्याला न आवडलेल्या गोष्टी ताईच्या पाठीवर दिसायच्या. मला ते माहीत होतं. मी काय करायचो? मी दाजीची गाडी फुकट दुरुस्त करायचो. तो खूश राहिला की तिला बरं, अशी माझी अक्कल.

सर्व्हेअर नवव्या दिवशी सकाळी मोटारसायकलवर आला. बारीक माणूस, शर्ट खोचलेला, हातात टॉर्च आणि कागद अडकवलेली एक पाटी. त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली, त्यानं दोन्ही नको म्हटलं.

"गाडी पाण्यात घातली होती की उभी होती?" त्यानं विचारलं.

"उभी," दाजी म्हणाला. "तीन साक्षीदार आहेत. एकाच्या दंडाला माझे दात आहेत."

सर्व्हेअर हसला नाही. "ही सोंड?"

"कागदावर आहे," ताई म्हणाली आणि पान काढून दाखवलं.

त्यानं पान वाचलं आणि तिच्याकडं बघून मान हलवली. "असं सगळे करतील तर माझं काम अर्ध्यावर येईल," तो म्हणाला. ताईचा चेहरा उजळला. तिला कुणी काही चांगलं म्हणायची फारशी सवय नव्हती. दाजीसुद्धा जरा ताठ उभा राहिला, जणू पान त्यानंच लिहून घेतलं होतं.

मग सर्व्हेअर म्हणाला, "इंजिनाखालचा तेलाचा चेंबर उघडा."

उघडणार कोण? मी. गाडीखाली मी उताणा शिरलो, बोल्ट काढायला लागलो. पाना दोनदा नाकावर पडला. आधी पाणी आलं, मग दुधासारखं पांढरट झालेलं तेल माझ्या छातीवर. चेंबर खाली आला. मी वर बघितलं आणि मला टॉर्चची गरजच पडली नाही. तिसऱ्या सिलिंडरचा रॉड मोडलेल्या बोटासारखा बाजूला वाकला होता.

मी डोकं तिकडं सरकवलं, त्याला दिसू नये म्हणून. काय अक्कल ती! सर्व्हेअर शर्ट न बघता सरळ माझ्या शेजारी चिखलात आडवा झाला. "डोकं काढा," तो म्हणाला. टॉर्च मारली. बराच वेळ बघितलं. माझ्या कानाशी त्याचा श्वास येत होता.

बाहेर येऊन त्यानं हात पुसले. "सीट, वायरिंग, दिवे, पत्रा, हे सगळं मिळेल. इंजिन नाही."

"का?" दाजी म्हणाला.

"पाण्यात बुडून रॉड वाकत नाही. आत पाणी असताना फिरवलं की वाकतो. पाणी कुठूनही शिरू दे, ते आमचं. फिरवलं ते तुमचं."

"कुणी फिरवलं? नऊ दिवस कुणी हात लावला नाही!"

"कुणीतरी चावी फिरवली. कुणी, ते तुम्ही बघा."

दाजीनं त्याच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडंही नाही. तो ताईच्या कमरेच्या जुडग्याकडं बघत होता.

"चावी कुणाकडं होती?"

"माझ्याकडं," ताई म्हणाली.

"मग?"

ताई माझ्याकडं बघत होती. रागानं नव्हे. अशी बघत होती, की पाढे म्हणायला उभा केलाय आणि पुढची ओळ मला येते हे तिला माहीत आहे. लहानपणी ती तशीच बघायची. मी खाली बघितलं. माझ्या हातात चेंबरचा बोल्ट होता, मी तो पुसत होतो. अजून आठवतं, फार नीट पुसत होतो.

दाजीनं जॅकचा दांडा उचलला. पहिला फटका तिनं हातावर घेतला. काडी मोडल्यासारखा आवाज झाला, आणि ती ओरडली नाही, नुसता श्वास आत ओढला. सर्व्हेअर "अहो! अहो!" करत पुढं आला, तर दाजीनं दांडा त्याच्याकडं फिरवला. तो मोटारसायकलमागं गेला. दुसरा फटका तिच्या खांद्यावर बसला. ती गुडघ्यावर आली. डावा हात कोपराच्या खाली भलतीकडंच वळला होता. तिसऱ्यासाठी दाजीनं दांडा डोक्याच्या वर नेला.

तेव्हा मी हललो. मी बोललो नाही, लक्षात घ्या. "मी फिरवलं" हे दोन शब्द आहेत, त्यांना किती वेळ लागतो? ते सोडून मी त्याच्या अंगावर झेपावलो. दोघं चिखलतेलात पडलो. दांडा माझ्या हातात आला. मी तो टाकून दिला आणि मुठीनं मारलं. नाकावर. मग तोंडावर. मग पुन्हा तोंडावर. "माझ्या बहिणीवर हात टाकतोस?" मी ओरडत होतो. आयुष्यात पहिल्यांदा दाजीला अरे-तुरे केलं. "तुला जिवंत सोडत नाही! माझ्या बहिणीवर?" त्याचा जबडा माझ्या मुठीखाली सरकला तो मला कळला. एक दात माझ्या बोटाच्या पेरात रुतला. तो हात वर करून काहीतरी म्हणत होता, मी ऐकलं नाही. लाज वाटेल असं सांगतो, मला बरं वाटत होतं. तिच्या लग्नापासूनचं सगळं निघत होतं, आणि त्या अर्ध्या फेऱ्याचंही त्यातच निघून जात होतं. जेवढं त्याला मारत होतो तेवढा मी चांगला होत होतो.

म्हातारीनं मागून येऊन बादलीभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलं, तेव्हा थांबलो.

दवाखान्यात बायकांच्या खोलीत ताई, पुरुषांच्या खोलीत दाजी. तिच्या हाताला प्लास्टर, त्याच्या जबड्याला तारा. पोलीस आला तेव्हा ताई म्हणाली, "घरातलं भांडण." त्यानं वही मिटली. सिस्टर माझ्या बोटाला टाके घालताना म्हणाली, "भाऊ असावा तर असा." शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मला दोन केळी दिली. मुकादम भेटायला आला, त्यानं माझा दुसरा हात हातात घेऊन हलवला आणि म्हणाला, "डॉक्टर, आज तुम्ही माणूस दाखवलात." टपरीवर कुणी शिट्टी वाजवेना. ट्रॅक्टरवाल्यानं चहा पाजला.

आणि मी प्यायलो तो चहा.

ताईला मी माझ्या घरी आणलं. गॅरेजच्या मागं एक खोली, तिथं. मी स्वयंपाक केला, तिचे केस विंचरायला शेजारीण बोलावली. ती बोलत नव्हती. मी बोलत होतो. "आता त्या घरात पाय ठेवायचा नाही. माझ्या घासातला घास तुझा. तो इथं आला तर उरलेले दातही ठेवणार नाही." ती ऐकत होती. पाचव्या दिवशी सकाळी मी तिच्यासमोर चहा ठेवला आणि म्हणालो, "त्या राक्षसानं उगीचच..."

"उगीच कशाला?" ताई म्हणाली. "गाडी खोकली तेव्हा मी कपडे धूत होते. बहिरी तुझ्या दाजीची आई आहे, मी नाही."



"त्या दिवशी संध्याकाळी सांगशील असं वाटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं. सर्व्हेअर आला तेव्हा वाटलं, आता तरी. मी तुझ्याकडं बघत होते."

"ताई, मी मध्ये पडलो की नाही? मी नसतो तर त्यानं तुझं डोकं..."

तिनं उजव्या हातानं माझ्या तोंडात मारली. मग दुसरी. चहा सांडला. मी हात वर केले नाहीत. तिसऱ्यांदा तिनं डावा हात उचलला, प्लास्टरसकट, आणि तो माझ्या भुवईवर असा आणला की माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती स्वतः कळवळून खाली बसली. माझ्या डोळ्यात रक्त उतरत होतं. प्लास्टरला तडा गेला होता.

"त्याचा मार मला माहीत होता," ती दातावर दात दाबून म्हणाली. "तो मारणार हे मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात कळलं. तू नुसता उभा राहशील हे नव्हतं माहीत. तू तिथं बोल्ट पुसत होतास रे!"

मला रडू आलं. तिनं रडू दिलं नाही.

"ऊठ," ती म्हणाली. "चल, त्याला सांग."

"तो मला मारून टाकेल."

"मग टाकू दे. ऊठ."

आम्ही चालत गेलो. मी पुढं, ती मागं, मोडलेला हात उजव्या हातानं धरून. वाटेत दोन जणांनी मला रामराम केला. भुवईतून रक्त येत होतं, त्यांनी विचारलं, "पुन्हा आला होता का तो?" ताई म्हणाली, "नाही. हे माझं आहे."

दाजी अंगणात हत्तिणीच्या पायदानावर बसला होता. तोंड सुजलेलं, तारांमधून पातळ पेज नळीनं ओढत होता. मला बघून उठला. हत्तिणीचा चेंबर अजून तसाच जमिनीवर पडला होता, त्यात पावसाचं पाणी साठलेलं.

"दाजी," मी म्हणालो. "सेल्फ मी फिरवला. स्क्रूड्रायव्हरनं. चावी हललीच नाही."

त्याला कळायला वेळ लागला. माझं तोंड, मग ताईचा हात, मग हत्तीण, असं तो आळीपाळीनं बघत राहिला. मग त्याच्या घशातून आवाज आला, कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा. वाडगा फेकून तो माझ्यावर आला. मी डोळे मिटले. मला खरंच हवा होता तो मार. देवाशप्पथ सांगतो, इतकी कुठल्याच गोष्टीची मी वाट बघितली नव्हती.

"थांबा," ताई म्हणाली.

मोठ्यानं नाही. पण तो थांबला, मूठ वर ठेवून.

"तुम्ही त्याला मारणार, तो मुकाट्यानं खाणार, मग तुमचं दोघांचं फिटणार. मग दोघं मिळून इंजिन उघडाल. मला माहीत आहे तुम्हाला." ती एकेकाकडं बघत म्हणाली. "माझं कसं फिटायचं ते सांगा आधी."



ती घरात गेली. आत डबे हलवल्याचे आवाज आले. आम्ही दोघं बाहेर उभे. दाजीची मूठ हळूहळू खाली आली. ती एक पिशवी घेऊन बाहेर आली, कपडे आणि फेऱ्यांच्या नोंदींच्या वह्या. मागोमाग म्हातारी आली. तिनं ताईच्या हातातली पिशवी काढून घेतली. मला वाटलं, अडवते आहे. पण तिनं पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि चपला शोधायला लागली.

"कुठं?" दाजीनं तारांमधून विचारलं. "कुठं" एवढंच कळलं.

"खाणीवर," ताई म्हणाली. "मुकादमाला नोंदी ठेवायला माणूस हवाय. खोली देतो म्हणालाय. उजवा हात चालतो माझा."

"आई?" दाजी म्हणाला.

म्हातारीला ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. ती चपला घालून पुढं निघालीसुद्धा.

दोघी उतारानं खाली गेल्या. नदी आता पुरतीच ओसरली होती, धोंड्यांवर घोट्याएवढंच पाणी होतं. काठावर थांबून म्हातारीनं ताईच्या पायातल्या चपला वाकून काढल्या, ताईला एका हातानं ते जमेना म्हणून. मग चारही चपला एका हातात धरून, दुसऱ्या हातानं तिचा चांगला हात धरून ती पाण्यात शिरली. धोंड्यांवरून, थांबत थांबत. एकदा ताईचा पाय घसरला. मी एक पाऊल पुढं टाकलं, दाजीनंही टाकलं. म्हातारीनं सावरलं तिला.

दाजीनं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. मला वाटतं, "तिला थांबव" असं असावं.

"तुम्ही थांबवा," मी म्हणालो.

तोही हलला नाही आणि मीही नाही. दोघी पलीकडच्या काठावर चढल्या. ताईनं चपला घातल्या आणि इकडं न बघता खाणीच्या वाटेला लागली.